चाळीस फूट तेल

डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मराठी माणसाला भेटल्या भेटल्या दोन प्रश्न विचारतात. गाडीच्या कुठल्या भागावर काम करता, आणि हिवाळ्यात काय करता? पहिल्याला आमचे नाना "गिअरबॉक्सचं वंगण" असं एका दमात उत्तर देतात. दुसऱ्याला त्यांना पाऊण तास लागतो, आणि त्यातला निम्मा वेळ बॉलिंगच्या लेनवर तेल का घालतात यातच जातो.

समोरच्याला ते आधी बसवून घेतात. उभ्या माणसाला हा विषय झेपत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

"लेन पाहिलीस?"

"पाहिली की."

"काय दिसलं?"

"लाकूड. पुढे दहा पिना."

"लाकूड नाही ते. आणि जे आहे, ते तुला दिसलंच नाही."

इथे नाना चष्मा कपाळावर चढवतात. चष्मा वर गेला की समजावं, गडी आता दिसणाऱ्या जगातून न दिसणाऱ्या जगात निघाला.

ते न दिसणारं जग असं आहे. बॉल जिथून सोडायचा त्या फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट लांब, रुंदीला ३९ फळ्या. पूर्वी या फळ्या खरोखरच लाकडाच्या असत. बॉल आदळतो तिथे टणक मेपल, पुढे पाइन. आता बहुतेक ठिकाणी लाकडाचं चित्र छापलेला कृत्रिम थर असतो. लाकडाची झीज होऊ नये म्हणून तेल घालायला सुरुवात झाली होती. लाकूड गेलं, तेल राहिलं. (कारण संपल्यावरही रीत चालू ठेवण्याबद्दल आपण मराठी माणसांनी अमेरिकनांना हसू नये.) लीग सुरू होण्याआधी एक यंत्र लेनवरून सरपटत जातं आणि पहिल्या चाळीसेक फुटांवर तेलाचा पातळ थर देतं. शेवटचे वीसेक फूट कोरडे. एका लेनला सगळं मिळून तेल लागतं ते पंचवीसेक मिलिलिटर. "एवढ्यात चौघांचे कांदेपोहे होतात," असं वहिनी म्हणतात. त्या पोह्यांपायी नानांनी उमेदीची वर्षं घालवली आहेत.

हे तेल सगळीकडे सारखं नसतं, हा नानांचा दुसरा अध्याय. आमच्यासारख्या हौशी लीगसाठी जो पॅटर्न घालतात त्यात मध्ये भरपूर तेल आणि दोन्ही कडांना नावापुरतं. यात मोठी दया आहे. उजव्या हाताने टाकलेला बॉल चुकून कडेकडे भरकटला, तर तिथली कोरडी जागा त्याला पकडून आत वळवते. चुकून आतच राहिला, तर मधलं तेल त्याला वळू न देता पुढे नेतं. दोन्हीकडून बॉल पोचतो तो साधारण पॉकेटपाशीच, म्हणजे एक आणि तीन नंबरच्या पिनांमधल्या फटीत. आपल्याला वाटतं, काय टाकला आपण!

"मग सरळच का टाकू नये?" असं कुणीतरी विचारतंच. नाना या प्रश्नाची वाट पाहत असतात. सरळ आलेला बॉल पिनांवर आपटून बाजूला फेकला जातो. बॉल सोळा पाउंडाचा असला, तरी साडेतीन पाउंडाची एकेक पिन त्याला ढकलतच असते. सगळ्या पिना पाडायच्या तर त्याने तिरकं घुसायला हवं, साधारण सहा अंशांनी. आणि अगदी कडेच्या फळीवरून सरळ रेषेत टाकला तरी दोन अंशांचा कोन होत नाही. म्हणून बॉलला वळावं लागतं. आधी तो तेलावर घसरतो, मग कोरड्यात पकड घेऊन वळतो, मग वळणं संपवून नुसता लोळत जातो. घसरणं, वळणं, लोळणं. लवकर वळला तर पिनांपर्यंत पोचेस्तोवर त्याच्यातला जोर संपतो. उशिरा वळला तर पॉकेट चुकवून पुढे निघून जातो.

"म्हणजे आपल्या हातात काय आहे?" नाना विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता बॅग उघडतात.

बॅग चाकांची आहे, दोन मजली, आणि तिच्यात सहा बॉल आहेत. पंधरा पाउंडाचा एक, म्हणजे सगळे मिळून चाळीस किलोच्या वर. डॉक्टरांनी नानांना जड उचलू नका असं बजावलं आहे, म्हणून ती आम्ही उचलतो. पहिला बॉल भरपूर तेलासाठी. त्याचं कातडं हजार नंबरच्या पॅडने घासून खरबरीत केलेलं, आतला गाभा मुद्दाम एकीकडे कललेला. तेलातसुद्धा कुठेतरी पकड शोधतो. दुसरा शहाणा, समतोल गाभ्याचा. लेन कशी आहे हे समजून घ्यायला तो आधी टाकायचा. तिसऱ्यावर मोत्यासारखी चमक. तेल थोडं उडालं की तो. चौथा आरशासारखा घोटलेला, गाभा मवाळ. लेन पार सुकली की त्यालाच पुढे करायचं, कारण आधीच्या तिघांतला कुठलाही बॉल वीस फुटांतच वळून मोकळा होईल. पाचवा युरेथेनचा, आखूड पॅटर्नसाठी. सहावा साध्या प्लॅस्टिकचा, कशानेच न वळणारा; एखादी चुकार पिन कोपऱ्यात उभी राहिली की ती टिपायला.

गाभा, त्याचा कल, भोकं कुठे पाडली, हे सगळं नाना सांगतात. पण शेवटी मान्य करतात की निम्म्याहून अधिक खेळ बाहेरच्या कातडीचा आणि तिच्यावरच्या घासणीचा असतो. युटा राज्यातली स्टॉर्म नावाची कंपनी तर आपल्या बॉलना चक्क वास देते. कुणाला द्राक्षाचा, कुणाला दालचिनीचा. नाना टाकण्याआधी बॉल हनुवटीखाली धरतात तेव्हा प्रेक्षकांना वाटतं, एकाग्रता चालली आहे. ते वास घेत असतात.

सहाच्या वर बॉल येणार नाही, हे वहिनींनी ठरवलेलं आहे. सातवा दारात आला तर आपण पुण्याला, असं त्यांनी एका गणपतीच्या आरतीनंतर चारचौघांत जाहीर केलं. नानांनी प्रसादाची वाटी हातात धरूनच मान डोलावली होती.

एवढी तयारी असलेला माणूस खेळतो कसा, असं वाचकांना वाटेल. बरा खेळतो. लीगच्या तक्त्यावर नाना वरूनही मधे असतात आणि खालूनही. पण मंगळवारी रात्री नानांशेजारची खुर्ची कधी रिकामी नसते, त्याचं कारण त्यांचा स्कोअर नव्हे. कारण असं की त्यांच्याजवळ बसलेल्या माणसाचं कधीच काही चुकत नाही.

आमच्या पाच जणांच्या संघात एकदा ऐनवेळी जागा भरायला कोल्हापूरचा एक पोरगा आला होता. इथे शिकायला नुकताच आलेला, जन्मात बॉलिंग केलेलं नाही. भाड्याचे बूट, रॅकवरचा दहा पाउंडाचा नारिंगी बॉल. पहिला टाकला तो गटारात. दुसरा टाकला तो दुसऱ्या बाजूच्या गटारात. कान लाल करून परत आला. आम्ही सगळ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं: होतं असं, मजा कर, पहिलीच वेळ आहे. यातल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ "तुला येत नाही" एवढाच होतो आणि ते त्यालाही कळत होतं. नानांनी त्याला शेजारी बसवलं, चष्मा कपाळावर नेला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तू टाकलास तो बरोबर टाकलास. बॉल चुकीचा होता. या तेलावर प्लॅस्टिक टाकून मीसुद्धा तिथेच गेलो असतो."

पोरगा ताठ बसला. पुढच्या फ्रेमला त्याने सात पाडल्या. "बघ," नाना म्हणाले, "उजवीकडचं तेल उडायला लागलंय." सातांचं श्रेय पोराला मिळालं नाही, पण गटाराचा डागही उरला नव्हता. तेव्हापासून तो नानांचा. सेमिस्टरला एका विषयात गचकला तेव्हा घरी कळवायच्या आधी त्याने नानांना फोन केला. नानांनी विचारलं, "पेपर सकाळचा होता की दुपारचा?"

हा प्रश्न विनोद म्हणून विचारलेला नव्हता. लेन सकाळी एक असते आणि दुपारी दुसरी, हा नानांच्या धर्माचा पाया आहे. हल्लीचे बॉल रिॲक्टिव्ह रेझिनचे असतात; १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते आले आणि त्यांनी खेळच बदलून टाकला, कारण त्यांची कातडी तेल पिते. दहा माणसं आळीपाळीने तेच ते पट्टे वापरत असली, की तासाभरात वहिवाटीच्या जागेवरचं तेल उडतं आणि मघाशी बरोबर पडलेला बॉल आता आधीच वळून पहिल्या पिनच्या नाकावर आपटतो. टाकणाऱ्याने काहीच बदललेलं नसतं. नेमकं तेच चुकतं. म्हणून उजव्या हाताच्या माणसाने डावीकडे सरकायचं. पाय दोन फळ्या, नजर एक फळी. नाना पहिल्या गेमला मध्यावर उभे असतात. तिसऱ्या गेमच्या शेवटी ते इतके डावीकडे पोचलेले असतात की बॉल परत आणणाऱ्या यंत्राला वळसा घालून त्यांना धावायला सुरुवात करावी लागते. शेजारच्या लेनवरचे लोक सवयीने वाट करून देतात.

आमच्या संघात एक डावखुरा आहे. हॉलमध्ये डावखुरे असतात किती? त्याच्या बाजूचं तेल वापरायला जवळपास कुणीच नसतं, त्यामुळे ते रात्री साडेनऊलाही ताजं असतं. तो पहिल्या गेमला जिथे उभा असतो तिथेच तिसऱ्या गेमला उभा असतो, एकाच बॉलने खेळतो, आणि मधल्या वेळात फोनवर क्रिकेट बघतो. नाना जगात कुणाचा हेवा करत असतील तर त्याचा. "अर्ल अँथनी एवढा मोठा का झाला?" ते एकदा म्हणाले. अँथनी हा सत्तरच्या दशकातला सम्राट. १९७५ साली एका हंगामात एक लाख डॉलरच्या वर बक्षिसं मिळवणारा पहिला बॉलर. आम्ही म्हटलं, शिस्त, सराव, स्वभाव. नानांनी फक्त आपला डावा हात वर करून हलवला.

नानांच्या मंगळवारची सुरुवात मात्र खेळाने होत नाही. ते लीगच्या तासभर आधी जातात, कारण त्या वेळी तेलवाला कामावर असतो. तेलवाला म्हणजे पिनांच्या यंत्रांची आणि तेलाच्या यंत्राची देखभाल करणारा माणूस. सहा फूट उंच, मानेवर गोंदण, बोलणं अत्यंत कमी. नाना त्याच्यासाठी बाकरवडी घेऊन जातात. आम्हाला बाकरवडी मिळते ती त्याला देऊन उरलेली. तेलवाला यंत्र लेनवर ठेवतो, बटण दाबतो, यंत्र घरघरत पिनांपर्यंत जाऊन परत येतं, तो ते उचलून पुढच्या लेनवर ठेवतो. नाना त्याच्या बाजूने, लेनच्या बाहेरून, मोजे घालून चालत असतात. बूट लेनजवळ नेणं त्यांना पटत नाही.

"आज काय घातलंस?" नाना विचारतात.

"मागच्या आठवड्याचंच," तेलवाला बाकरवडी खात म्हणतो.

इतक्या वर्षांत त्याने दुसरं उत्तर दिलेलं नाही. नानांचा त्यावर विश्वास नाही. ते येऊन आम्हाला सांगतात, "म्हणाला, मागच्याचंच. पण म्हणायच्या आधी थांबला." मग तो किती थांबला, घास गिळण्यासाठी थांबला की काही लपवण्यासाठी, यावर पहिल्या बॉलची निवड ठरते. मला स्वतःला वाटतं, तो खरं बोलत असावा. पण दारातून शिरणारी थंडी, हॉलमधली उष्णता, आधीच्या लीगची माणसं, तेलाचा डबा भरलेला की संपत आलेला, या सगळ्यांनी तेच तेल रोज वेगळं वागतं, हेही खरं आहे. म्हणजे तेलवाला आणि नाना दोघेही बरोबर आहेत, आणि यातलं नानांचं बरोबर असणं फारच खर्चिक आहे.

देव्हाऱ्यात लावायचा तर नाना डॉन मॅक्यूनचा फोटो लावतील. १९७३ साली या माणसाने प्लॅस्टिकचे बॉल रसायनात भिजवून मऊ करायला सुरुवात केली. मऊ कातडी लेनला जास्त धरते. बाकीचे व्यावसायिक दगडासारखे बॉल टाकत होते आणि हा बादलीत भिजवलेला. त्या वर्षी त्याने सहा स्पर्धा जिंकल्या आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर बॉलच्या कडकपणाचे नियम आले. ते द्रावण ज्वालाग्राही होतं आणि बॉलर ते हॉटेलच्या खोल्यांमध्ये ढवळत बसायचे. "केवढी श्रद्धा!" नाना म्हणतात. वहिनींनी गॅरेजमध्ये कुठलंही द्रावण आणायला आधीच बंदी घातलेली आहे.

गरम पाण्याला मात्र बंदी नव्हती. बॉलने प्यायलेलं तेल बाहेर काढायचं तर त्याला भांडी घासायच्या साबणाच्या कढत पाण्यात बुडवतात. पाणी उकळतं नको, नाहीतर बॉल तडकतो. हात जेमतेम बुडवता येईल इतपत. बोटांची भोकं चिकटपट्टीने बंद करायची. नाना हे काम सवडीने करतात, आणि त्यांना सवड मिळाली ती नेमकी नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता. आम्ही सगळे त्यांच्याकडे फराळाला जमणार होतो, मी जरा आधीच पोचलो. खालच्या न्हाणीघरात वहिनींनी उटणं, तेलाची वाटी, मोती साबण असं सगळं मांडून ठेवलेलं, आणि टबात पहिल्या नंबरचा बॉल. नाना गुडघ्यांवर बसून, बाही वर करून, त्याला हळूच फिरवत होते. पाण्यावर तेलाचे पिवळसर तवंग येत होते. दर दोन मिनिटांनी ते बॉल वर काढायचे, कोरड्या कापडाने पुसायचे, आणि पुन्हा बुडवायचे. कातडीवर तेलाचे जे गोल वळसे उमटतात, एकाशेजारी एक, प्रत्येक फेरीला अक्ष जरा सरकल्याने झालेले, ते त्यांनी मला उजेडात धरून दाखवले. "हे बघ, मंगळवारचा तिसरा गेम," ते म्हणाले.

"अहो," दारातून वहिनी म्हणाल्या, "आज तेल लावायचं असतं. काढायचं नसतं."

"झालंच."

"तीस दिवाळ्या झाल्या. माझ्या पाठीला कधी तेल लावलंत?"

नानांनी वर बघितलं. बॉल हातात होता, पाणी टपकत होतं. "तुला कुठल्या पॅटर्नचं लागेल?" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यानंतरचा फराळ आम्ही फार शांतपणे केला. चिवडा उत्कृष्ट होता.

नानांनी आम्हाला एका उन्हाळ्यात स्पोर्ट लीगमध्ये ओढलं, ती गोष्टही सांगितली पाहिजे. तिथे कडेला कमी, मध्ये जास्त असली दया नसते. तेल जवळपास सपाट घालतात. व्यावसायिकांचे पॅटर्न घालतात आणि त्यांना जनावरांची नावं असतात. चित्ता आणि लांडगा आखूड, शार्क लांब. आखूड असेल तर कडेने खेळायचं, लांब असेल तर आतून, आणि कुठून ते ठरवायला एक हिशेब आहे: पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा. ४० फूट असेल तर बॉल तेलातून बाहेर पडताना कडेपासून नवव्या फळीच्या आसपास हवा. नानांनी हे आम्हाला कागदावर लिहून दिलं. नवव्या फळीवर माझा काय, माझ्या स्वप्नातलाही बॉल कधी गेला नव्हता. दोन आठवड्यांत आमच्या सगळ्यांच्या सरासऱ्या पार कोसळल्या. आम्ही दुखावलेल्या माणसांसारखे बसलो होतो, एकटे नाना तरतरीत होते. "आता कळलं?" ते म्हणाले. "हिवाळाभर तुम्हाला वाटत होतं, आपण टाकतोय." कुणीही काही बोललं नाही. डावखुऱ्यानेसुद्धा फोन खिशात ठेवला होता.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की नाना म्हणजे सबबी सांगणारा माणूस. सबबी सांगणारे मी बरेच पाहिलेत, मीटिंगमध्ये तर रोज पाहतो. जमलं की मी, फसलं की यंत्रणा. नानांचं तसं नाही, आणि याची परीक्षा ग्लेन ॲलिसनच्या गोष्टीवरून होते.

१ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियात ला हाब्रा इथे ॲलिसनने लीगमध्ये ओळीने तीन गेममध्ये छत्तीस स्ट्राइक टाकले, म्हणजे दर वेळी पहिल्याच बॉलला दहाही पिना आडव्या. ९०० गुण. याच्यावर गुण नाहीतच. अमेरिकन बॉलिंग काँग्रेसची माणसं आली, त्यांनी लेन तपासली आणि सांगितलं की तेल नियमाप्रमाणे नाही, विक्रम नामंजूर. पहिलं मंजूर झालेलं ९०० त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९९७ साली, नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये जेरेमी सोनेनफेल्ड नावाच्या विद्यार्थ्याचं. आजही बॉलिंगच्या हॉलमध्ये ॲलिसनचं नाव काढा, म्हातारे लोक बिअर खाली ठेवून अन्याय झाला म्हणतात. छत्तीस वेळा ओळीने बॉल तिथेच पाठवायला माणूसच लागतो, असं म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

नाना मान हलवतात. "ज्याचं होतं त्याला मिळालं," ते म्हणतात. म्हणजे तेलाला. आम्ही त्यांना एकदा टोकाला नेलं: तुमच्या बाबतीत असं झालं असतं तर? नाना म्हणाले, "मी आधीच सांगितलं असतं की लेन उघडी आहे, चुकलं तरी तेलच सांभाळून घेतंय." आम्ही हसलो होतो.

पुढे एका फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, नानांनी तिसऱ्या गेममध्ये ओळीने पाच स्ट्राइक टाकले. तिसऱ्या नंबरचा बॉल, मोत्याचा. सहावा झाला तसे शेजारच्या लेनवरचे लोक बोलायचे थांबले. हा इथला रिवाज आहे. ३००च्या, म्हणजे पूर्ण गुणांच्या, वाटेवर असलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही, त्याच्याकडे बघतही नाहीत. सातव्याला हॉलच्या त्या टोकाची माणसं उठून मागे येऊन उभी राहिली. बारमधला आवाज बंद झाला. रिवाज पाळला नाही तो एकट्या नानांनी. दर स्ट्राइकनंतर ते मागे वळून आम्हाला सांगत होते, "माझं काही नाही यात. आज चौदाव्या फळीपासून बाहेर उघडं आहे. कुणीही टाकेल." कोल्हापूरच्या पोराने "नाना, प्लीज" म्हणून हात जोडले. आठवा पडला. नववा पडला, आणि तो बॉल पॉकेटमध्ये शिरताना मला नेहमीपेक्षा एक बोट उंच वाटला, म्हणजे पहिल्या पिनच्या नाकाला जरा लागून.

नानांनाही तो दिसला. चष्मा कपाळावर गेला.

दहाव्या फ्रेमला हॉलमध्ये ५०-६० माणसं श्वास रोखून उभी असताना नाना बॅगेपाशी गेले, मोत्याचा बॉल कापडात पुसून ठेवला आणि चौथा बाहेर काढला. आरशासारखा. मागे कुणीतरी चक्क कण्हलं. नऊ स्ट्राइक टाकलेला बॉल कुणी बदलत नाही. जगात कुणीच बदलत नाही. नाना दोन फळ्या डावीकडे सरकले, बॉलचा वास घेतला आणि टाकला.

बॉल तेलावरून घसरत गेला, जरा जास्तच घसरला, वळला, पॉकेटमध्ये पोचला. नऊ पिना गेल्या. सहा नंबरची पिन उडून दहाला झोडपायची, ती आळसावून कडेच्या गटारात आडवी पडली, आणि तिच्यामागे कोपऱ्यात दहा नंबरची पिन हललीसुद्धा नाही.

साठ माणसांनी एकदम सोडलेला श्वास मी ऐकला. नानांनी सहाव्या, प्लॅस्टिकच्या बॉलने ती दहावी शांतपणे टिपली, शेवटचा स्ट्राइक टाकला आणि २७९वर गेम संपवला. लोक हात मिळवायला पुढे आले. चेहरे पडलेले, सांत्वनाची वाक्यं तयार. आणि समोर नाना फुललेले.

"पाहिलंत?" ते एकेकाला धरून सांगत होते. "नवव्यालाच तेल सरकलं होतं! मोत्याचा टाकला असता तर सरळ नाकावर. चार, सहा, सात, दहा, चारही कोपरे उभे! त्यातून नऊ मिळाल्या, नऊ!" एका म्हाताऱ्या अमेरिकनाने त्यांना मिठी मारून तू फार धीराचा आहेस असं सांगितलं, तर नाना त्याला बॉलवरचे तेलाचे वळसे दाखवायला लागले. तेलवालाही मागच्या दारातून बाहेर आला होता. नाना त्याच्याकडे धावत गेले, बाकरवडीचा उरलेला पुडा त्याच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "नऊ तुझे."

बॅग गाडीत चढवताना मी विचारलं, "नाना, खरं सांगा. बदलायला नको होता ना?"

"बदलायलाच हवा होता." ते डिकीपाशी थांबले. "पण तिसरा लवकर वळला असता आणि चौथा उशिरा वळला. तेल होतं ते दोघांच्या मधलं." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. गाडीतळावर आम्ही दोघंच होतो. "या दोघांच्या मधला एक असतो. कातडी मोत्याचीच, गाभा थोडा मवाळ." पुन्हा इकडेतिकडे. "तुझ्या घराचा पिन कोड काय रे?"

पुढच्या आठवड्यात दारात एक जड खोकं आलं. वर माझं नाव. ते मी जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्युम क्लीनरच्या मागे सरकवलं आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी घरी आलो तर आमच्या हिने सगळा फ्रीज बाहेर काढून ठेवला होता आणि ती एकेक कप्पा पुसत होती.

"घरभर द्राक्षांचा वास येतोय," ती म्हणाली. "द्राक्षं तर आणलीच नाहीत आपण."